स्क्रीनवरचे दोन तास

"काका, हातातलं ठेवा आणि निघा. हॉस्पिटलमध्ये माणूस गेलाय, आणि सिस्टर आपल्या प्रोग्रामवर ढकलतेय!"

सोमवारी सकाळी बरोबर अकराला मालकांचा फोन आला. भिंगकाकांना आधी शुक्रवार आठवला. शुक्रवारीच त्या हॉस्पिटलात औषधं नोंदवायच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवली होती, आणि तिच्या तपासणीच्या कागदावर 'तपासले, ठीक' असं लिहून खाली सही कुणाची? त्यांचीच.

कंपनी अगदी लहान, चार माणसांची. मालक. प्रोग्राम लिहिणारी एक मुलगी, दोन वर्षं होऊनही सगळे तिला 'नवी'च म्हणत. गावोगावच्या दवाखान्यांत जाऊन प्रोग्राम बसवून देणारा भिंगकाकांचा जावई. आणि खुद्द काका. लिहिलेला प्रोग्राम बाहेर जाण्याआधी तपासायचा, हे त्यांचं काम. तपासताना नाक स्क्रीनला टेकेल इतकं वाकायचे, म्हणून हे नाव पडलं, आणि एकतीस वर्षांत खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं.

जावयाला कंपनीत आणलं त्यांनीच. पोरगा हुशार, गोडबोल्या आणि महा आळशी. गळ्यात कायम एक पेनड्राइव्ह लटकलेला. त्यात प्रोग्राम, फॉन्ट, गाणी, लग्नाचे फोटो, सगळी खिचडी. स्वतःच्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्यानं स्वतःच कॉम्प्युटरवर केली होती. अक्षरांना अशा लांबलचक शेपट्या काढलेला फॉन्ट शोधून आणला होता की निम्म्या पाहुण्यांना हॉलचा पत्ता फोन करून विचारावा लागला. काका तेव्हा पोट धरून हसले होते.

बारा वाजता ते वॉर्डमध्ये पोचले. टेबलावरच्या कॉम्प्युटरभोवती मालक, हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर आणि जावई उभे होते. सिस्टर भिंतीशी, हाताची घडी घालून. चाळिशीची बाई, डोळे सुजलेले.

हकीकत थोडक्यात अशी. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं रविवारी सकाळी ऑपरेशन झालं. मोठ्या डॉक्टरांनी आपल्या खोलीतल्या मशीनवर दुखणं कमी करायचं जालीम इंजेक्शन लिहिलं: दर चोवीस तासांनी एक. सिस्टरनं दिलं दर दोन तासांनी. दुपारी दोनला, चारला, सहाला. सात वाजता म्हाताऱ्याचा श्वास थांबला.

"हे बघा," मालक स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाले. "किती तासांनी? चोवीस. आंधळ्यालाही दिसेल!"

काका वाकले. 'किती तासांनी' या चौकटीत स्वच्छ, सडपातळ अक्षरात २४ लिहिलेलं होतं.

"नोंद नंतर कोणी बदलली?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"बदलली तर प्रोग्राम लिहून ठेवतो," काका म्हणाले. त्यांनी तो इतिहास उघडून पाहिला. रविवारी दुपारी एकला डॉक्टरांनी २४ लिहिलं होतं. नंतर कोणी हात लावलेला नव्हता.

"म्हणजे झालंच की," जावई म्हणाला. "सिस्टरांची नजर चुकली. माणूस आहे, दमतो. उगाच प्रोग्रामला कशाला?"

मोठ्या डॉक्टरांनी मंगळवारी चार वाजता चौकशी ठेवली. दोष सिद्ध झाला तर सिस्टरची नोकरी जाणार, नर्सिंगची नोंदणी रद्द होणार आणि वर पोलिसांत तक्रार होणार होती. मालकांनी काकांना बाजूला घेतलं.

"काका, प्रोग्राम निर्दोष आहे असं एक पान लिहा आणि सही करा. विषय संपला."

"तिच्याशी बोलतो आणि लिहितो."

"तिच्याशी काय बोलायचंय?"

"मी स्क्रीन न बघता सही करत नाही, मालक. आणि ती स्क्रीन रविवारी मी बघितलेली नाही. तिनं बघितली."

औषधांच्या खोलीत दोन स्टुलं होती. सिस्टर उभीच राहिली.

"किती वर्षं झाली नोकरीला?"

"एकोणीस. आणि तुम्ही पण हेच म्हणायला आलात ना, की बाईला दिसत नाही म्हणून?"

"नाही. काय दिसलं ते सांगा."

"दोन. नुसतं दोन. तीनदा बघितलं मी, प्रत्येक इंजेक्शनच्या आधी!"

"दर दोन तासांनी हे इंजेक्शन, जास्त वाटलं नाही?"

"वाटलं. पहिल्याच वेळी वाटलं." ती आता स्टुलावर बसली. "डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. निरोप ठेवला, उत्तर आलं नाही. मागच्या आठवड्यात पलीकडच्या पेशंटला दर दोन तासांनीच होतं, कमी ताकदीचं. म्हटलं, मोठ्या माणसांनी लिहिलंय, विचार करूनच लिहिलं असेल. न देता पेशंट विव्हळत ठेवला असता, तरी मलाच धरलं असतं की!"

"स्क्रीनवर आणखी काही वेगळं होतं?"

"नावं. शनिवारपासून पेशंटांच्या नावांची शेवटची अक्षरं गिळली जात होती. अक्षरंही जाडजूड, ढब्बी दिसत होती. आज बघते तर सगळी नावं पूर्ण! मला वेड लागलंय असं वाटायला लागलंय."

काका स्टुलावरून उठले.

"हे कुणाला सांगितलं होतं?"

"तुमच्याच कंपनीत. शनिवारी दुपारी फोन केला. पुरुषाचा आवाज होता. म्हणाला, सिस्टर, तुम्ही निवांत राहा, सोमवारी सकाळी दुरुस्त होईल. नाव मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही."

काकांच्या मनात पाल चुकचुकली. कंपनीत पुरुष तीनच. त्यातले एक ते स्वतः, आणि शनिवारी दुपारी ते घरी झोपले होते.

ऑफिसात येऊन त्यांनी आधी तक्रारींची वही काढली. तक्रारीचा फोन आला की वहीत लिहायचं, हा कंपनीचा नियम. शुक्रवारच्या पानावर दोन नोंदी होत्या. शनिवारचं पान कोरं.

"शनिवारी फोन कुणाकडे होता?" त्यांनी नवीला विचारलं.

"पाळी माझी होती. पण मला गावाला जायचं होतं. फोन टेबलावर ठेवून गेले, बघतील म्हणाले."

"कोण म्हणाले?"

"मालकही होते, तुमचे जावईही होते. दोघंही 'जा जा' म्हणाले. कोणी घेतला ते नाही माहीत मला." तिचा चेहरा उतरला. "काका, माझ्यावर येतंय का हे?"

"येणार असेल तर मीच सांगेन. नव्या आवृत्तीत तू काय बदललंस? अगदी पहिल्यापासून सांग."

"फॉन्ट. आधी लिहायच्या प्रत्येक चौकटीला वेगवेगळा फॉन्ट दिलेला होता. दोनशेच्या वर चौकटी, सगळा गोंधळ. मी प्रोग्राम सुरू होतानाच एक ओळ टाकली. यापुढे जी चौकट उघडेल तिला हाच डिफॉल्ट फॉन्ट. सडपातळ आहे, कमी जागेत मोठा दिसतो. मग मी चौकटीही त्याच मापाच्या केल्या. तासांची चौकट बरोबर दोन आकड्यांची."

"बरोबर म्हणजे अगदी बरोबर?"

"केसभर जागा सोडली नाही. नीटनेटकं दिसतं ना!"

"आणि तो फॉन्ट कुठून येतो? प्रोग्रामच्या पोटात असतो?"

"नाही, मशीनमध्ये वेगळा बसवावा लागतो. बसवायच्या यादीत पाचवं कलम आहे, मी स्वतः लिहिलंय. त्याला हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागाचा पासवर्ड लागतो."

"आणि नाही बसवला तर? प्रोग्राम बंद पडतो? ओरडतो?"

नवी हळूच म्हणाली, "काहीच करत नाही. मशीन गुपचूप आपल्याकडचा दुसरा कुठला तरी फॉन्ट घेतं."

कपाटाच्या वर धूळ खात एक जुनं मशीन पडलेलं होतं. ऑफिसात त्याला 'कोरं मशीन' म्हणत. त्यात मुद्दाम काही म्हणजे काही घातलेलं नव्हतं. बाहेर जाणारा प्रत्येक प्रोग्राम आधी त्यावर चालवून बघायचा, ही पद्धत काकांनीच एकतीस वर्षांपूर्वी घालून दिली होती. गेल्या गुरुवारी मात्र ते मशीन खाली उतरलं नव्हतं. "बाबा, उद्या सकाळी बसवायला जायचंय, तुमच्याच मशीनवर बघा ना," असं जावई म्हणाला, आणि काकांनी ऐकलं. त्यांच्या मशीनवर नवीनं फॉन्ट आधीच बसवून ठेवला होता. सगळं कसं छान दिसलं, आणि त्यांनी ठोकली सही.

आता त्यांनी ते धूड स्वतः खाली काढलं. प्रोग्राम चढवला. रविवारची नोंद तशीच्या तशी भरली आणि नाक स्क्रीनला टेकवलं.

अक्षरं जाडजूड, ढब्बी. पेशंटच्या नावाची शेवटची दोन अक्षरं गायब. आणि तासांच्या चौकटीत एकच आकडा, २. चाराची एक बारीक कड तेवढी चौकटीच्या रेघेला चिकटून होती, आणि शोधणाऱ्यालाच ती रेघेपासून वेगळी ओळखता आली असती.

"अरे देवा!" नवी तोंडावर हात ठेवून मटकन खाली बसली.

रविवारचं कोडं सुटलं. राहिलं सोमवारचं. त्याच मशीनवर बारा वाजता चोवीस स्वच्छ दिसत होते, म्हणजे मध्ये कोणीतरी येऊन फॉन्ट बसवून गेलं होतं.

मंगळवारी सकाळी मोठ्या डॉक्टरांची परवानगी घेऊन काका एकटेच वॉर्डच्या मशीनपाशी बसले. मशीनमध्ये फॉन्टांची यादी असते, आणि कुठला कधी बसवला त्याची वेळही असते. त्यांनी यादी तारखेनं लावली. सगळे जुने फॉन्ट खाली गेले. वर दोनच ओळी उरल्या, दोन्ही सोमवार सकाळ, नऊ वाजून वीस मिनिटं.

पहिली ओळ नवीच्या सडपातळ फॉन्टची होती. दुसरा फॉन्ट प्रोग्रामला लागतच नव्हता. तो इथे का, म्हणून काकांनी त्याचा नमुना उघडून पाहिला. पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्याची वेळ परत एकदा वाचली.

"काका, पाणी आणू?" वॉर्डातल्या बाईनं विचारलं.

"नको," ते म्हणाले. "कॉम्प्युटर विभागात सोमवारी सकाळी कोण होतं, तेवढं सांगा."

चार वाजता मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले. मालकांनी निर्दोष असल्याचं पान टाइप करून आणलं होतं, फक्त सही बाकी होती. सिस्टर दाराजवळच्या खुर्चीत. नवी तिच्या शेजारी. जावई खिडकीशी, पेनड्राइव्हची दोरी बोटाला गुंडाळत. बाहेर बाकावर म्हाताऱ्याची बायको दोन दिवस येऊन बसत होती, तिलाही डॉक्टरांनी आत बोलावलं.

"काका, सही करा आणि मोकळे व्हा," मालक म्हणाले.

"आधी माझी चूक सांगतो," भिंगकाका उभे राहिले. "मग बाकीच्यांच्या."

त्यांनी कोरं मशीन सोबत आणलं होतं. ते टेबलावर लावून त्यांनी नोंद उघडली. मोठे डॉक्टर वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"दोन!"

"हे सिस्टरांना रविवारी दिसलं. नोंदीत चोवीसच आहेत. पण दाखवायचा फॉन्ट मशीनमध्ये नव्हता, म्हणून मशीननं दुसरा जाडा फॉन्ट घेतला आणि चाराचा आकडा चौकटीबाहेर गेला. तुमच्या खोलीतलं मशीन तुमच्याच पासवर्डवर चालतं, म्हणून तिथे फॉन्ट बसला, वॉर्डात नाही. अशा मशीनवर तपासायचं काम माझं होतं. मी ते केलं नाही आणि केलं म्हणून सही केली. ही पहिली चूक."

म्हातारी त्यांच्याकडे एकटक बघत होती. काकांनी नजर चुकवली नाही, पण पुढचं वाक्य त्यांना दोनदा सुरू करावं लागलं.

"शुक्रवारी वॉर्डातला फॉन्ट का राहिला? कॉम्प्युटर विभागातला माणूस रजेवर होता. पासवर्ड नव्हता. बसवणाऱ्यानं पाचव्या कलमापुढे बरोबरची खूण केली आणि निघून आला. ही दुसरी चूक. शनिवारी सिस्टरांनी फोन केला, तो घेतलाही गेला, वहीत लिहिला मात्र नाही. तेव्हाच कोणी धावत आलं असतं तर आज आपण इथे बसलो नसतो."

"आणि सोमवारी?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"सोमवारी नऊ वीसला फॉन्ट बसला. तुमचा फोन आमच्याकडे अकराच्या जरा आधी आला. म्हणजे ज्यानं बसवला त्याला तो बसवायला हवा हे तुमच्या फोनच्या आधीच माहीत होतं. शनिवारचा फोन ज्यानं घेतला, तोच हा माणूस. पुरुषाचा आवाज. मालक किंवा..."

"काका, शुद्धीवर आहात का?" मालक उसळले. "मी सोमवारी सकाळी बँकेत होतो!"

"माहीत आहे. मी विचारून आलो. तुमचा गुन्हा एवढाच, की कागद आधी टाइप केलात आणि प्रश्न नंतर विचारलात." काका खिडकीकडे वळले. "जावईबापू, तुम्ही सोमवारी सकाळी कुठे होतात?"

"सांगितलं ना बाबा. दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात."

"त्या दवाखान्यातले आज सकाळी म्हणाले, तुम्ही आलाच नाहीत."

"मग वाटेत असेन. बाबा, हे काय चाललंय? घरचा माणूस आहे मी!"

"वॉर्डच्या मशीनमध्ये त्या एकाच मिनिटाला दोन फॉन्ट बसलेत. एक लागणारा. दुसरा शेपट्यांचा. तुमच्या लग्नाच्या पत्रिकेचा. तुम्हाला एकेक फाइल निवडायचा कंटाळा. पेनड्राइव्हवरचं सगळं एकदम उचलायचं आणि टाकायचं, ही तुमची सवय मला चार वर्षं ठाऊक आहे. पासवर्ड देणाऱ्या माणसानंही ओळखलं तुम्हाला. गळ्यात दोरीवाले, म्हणाला."

जावयाच्या बोटातली दोरी सुटली.

"मी कुणाला मारलं नाही," तो पुटपुटला. "मी दुरुस्त करायलाच गेलो होतो. नावं कापली जातायत एवढंच वाटलं होतं. फॉन्ट टाकला, आणि मग वॉर्डातल्या बायका बोलताना ऐकलं, माणूस गेला म्हणून. तासांच्या चौकटीकडे माझं तेव्हा लक्ष गेलं. माझ्या पाचावर धारण बसली, बाबा. वाटलं, आता दिसतंय ना नीट, मग कुणाला कळणार?"

"घाबरलास ते समजू शकतो मी," काका म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून जावयाला 'अरेतुरे' निघालं. "पण तू बारा वाजता तिच्यासमोर उभा राहिलास आणि म्हणालास, नजर चुकली. एकोणीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला तू वेडं ठरवायला निघालास. लाज नाही वाटली?"

सिस्टर रडत नव्हती. नवीनं तिचा हात धरला होता. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्या डॉक्टरांना विचारलं, "म्हणजे चाराचा आकडा मावला नाही म्हणून आमचे हे गेले?"

काकांनी कोरं मशीन बंद केलं.

डॉक्टरांनी लेखनिकाला जबाब लिहायला बसवलं. सिस्टरवरचा ठपका काढल्याचं त्यांनी तिथेच सांगितलं. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. मुलीचा होता. ते व्हरांड्यात आले. जावयानं खोलीतूनच तिला काहीतरी लिहून पाठवलं असणार.

"बाबा, हे काय केलंत तुम्ही?"

"बाळ, ऐक. मला आधी तुला सांगायला हवं होतं. तुला धक्का बसेल, पण त्यानं सोमवारी..."

"मला माहीत आहे सोमवारचं." ती रडत होती. "त्यांनी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरून मलाच पहिला फोन केला होता. हातपाय गळले होते त्यांचे. सांगतो म्हणत होते सगळ्यांना. मीच म्हटलं, गप्प राहा."

काकांनी खोलीचं दार ओढून घेतलं.

"तू? का गं?"

"कागदावर तुमची सही आहे म्हणून! तुम्हाला एवढंही कळलं नाही? निवृत्तीला पाच महिने राहिलेत तुमचे. मी तुम्हाला वाचवत होते, बाबा."

फोन कधी बंद झाला ते त्यांना कळलं नाही. आतून हाक आली तेव्हा ते गेले. जबाब लिहून झाला होता. छापील कागदावर शेवटचा एक प्रश्न उरला होता, तो डॉक्टरांनी वाचून दाखवला.

"हे लपवलं जातंय, याची आणखी कुणाला माहिती होती?"

जावयानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत एवढी गयावया काकांनी कधी पाहिली नव्हती. समोर सिस्टर बसली होती, दोन दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकून.

"नाही," भिंगकाका म्हणाले. "कुणालाच नाही."

त्यांनी पेन घेतलं आणि न वाचता सही केली. सिस्टरनं उठून त्यांना हात जोडले, म्हणाली, "काका, खरं बोलणारा एक तरी माणूस भेटला." काका कोरं मशीन उचलायला वळले.